रात्रीची लाईट, मोडलेली झोप आणि झोपेतली फिट : परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

रुग्ण ३६ वर्षांचा, परभणी जिल्ह्यातल्या एका गावचा शेतकरी. चार एकर काळी जमीन, एक विहीर, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं तर तेवढा आधार. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि थोडा गहू. घरात आई, बायको, दोन मुलं आणि लग्नाला आलेली बहीण. थोरला भाऊ शेजारीच वेगळा राहतो. गळ्यात माळ, दारू कधीच नाही. रुग्णाच्या आणि त्याच्या पत्नीच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो फिटची तक्रार घेऊन आलाच नव्हता. जानेवारीतल्या एका सकाळी तो उजवा खांदा धरून उठला. जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे असं सांगून गोळ्या आणि मलम देऊन त्याला घरी पाठवलं. दोन आठवडे होऊनही हात उचलेना म्हणून तो माझ्याकडे आला. हात पोटाशी धरलेला. कोपर अंगाला लावून पंजा बाहेर वळवायला सांगितलं, तर हात तसूभर हलला नाही. खांदा मागच्या बाजूने निखळला की हे असं होतं. खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो. मागे निखळण्याचं प्रमाण शंभरात दोन ते चार. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे सहज सुटून जातं, काखेकडून दुसरा एक्स-रे घ्यावा लागतो. आणि असा खांदा दिसला की डॉक्टरच्या मनात तीन कारणं यायला हवीत: जबरदस्त अपघात, विजेचा शॉक आणि फिट.

शेतकरी माणूस, रब्बीचे दिवस, मोटरीचा स्टार्टर आणि ओले पाय. म्हणून पहिला प्रश्न शॉकचाच विचारला.

"शॉक न्हाई साहेब. झोपलो व्हतो, उठलो तं हे असं."

दाराशी उभी असलेली बायको तोवर गप्प होती. तिने सासूकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "रातच्याला ह्यायच्या घशातून कसलातरी आवाज येऊलालता. म्या हलवलं तं सगळं अंग ताठ. मग हातपाय झाडले. मग घोरत पडले. सकाळी इचारलं तं म्हणले, मला काईच ठावं न्हाई."

हे मागच्या दिवाळीपासून चालू होतं. महिन्यातून तीन-चार रात्री. सकाळी उशीवर रक्ताचा डाग, जिभेची एक कड चावलेली, अंग ठेचल्यासारखं दुखणं, डोकं जड आणि दहा वाजेपर्यंत बोलण्याचं भान नाही. दोनदा अंथरूण ओलं झालं होतं. ते तिने पहाटे उठून धुतलं आणि सासूलाही कळू दिलं नाही. घरात त्याचे अर्थ लावून झाले होते: आधी थकवा, मग जंत, मग कुणीतरी बाहेरचं आहे म्हणालं तेव्हा लिंबू-नारळ उतरवून झाले. यातल्या कुणालाही मी अडाणी म्हणणार नाही. दिवसा धडधाकट काम करणारा माणूस रात्री दोन मिनिटं असा होतो आणि सकाळी त्याला स्वतःलाच काही आठवत नाही, तेव्हा घरच्यांनी काय समजावं?

झोपेतल्या फिटची खरी अडचण हीच आहे. ज्याला येते त्याला ती कळत नाही. साक्षीदार म्हणजे शेजारी झोपलेलं माणूस, तेही जागं झालं तर. एकट्या झोपणाऱ्याला तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. सकाळची अंगदुखी आणि चावलेली जीभ एवढ्याच खुणा मागे राहतात. जिभेची बाजूची कड चावलेली असणं ही त्यांतली मोलाची खूण. दात खाणं, वाईट स्वप्नं, झोपेत बडबडणं, घोरता घोरता श्वास अडकणं यांत सहसा ती सापडत नाही.

मी तिला एकच काम दिलं. पुन्हा झालं तर आधी त्याला सुरक्षित करायचं आणि मग मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. नऊ दिवसांनी तिने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणला. मान उजवीकडे वळलेली, उजवा हात ताठ, मग दोन्ही बाजूंनी झटके. त्या चाळीस सेकंदांनी पुढच्या महागड्या तपासण्यांइतकंच सांगितलं. मान आणि हात उजवीकडे ओढले जातात, तेव्हा सुरुवात मेंदूच्या डाव्या बाजूला, बहुधा पुढच्या भागात होत असते. मेंदूच्या पुढच्या भागातल्या फिट झोपेतच जास्त येतात, हेही त्याच्याशी जुळत होतं.

दरम्यान हाडाच्या डॉक्टरांनी भूल देऊन खांदा जागेवर बसवला होता. आणखी थोडे आठवडे गेले असते तर चीर देऊन ऑपरेशन करावं लागलं असतं.

तपासण्यांत साखर, सोडियम, कॅल्शियम ठीक. हृदयाच्या लयीच्या बिघाडानेही रात्री झटके येऊ शकतात म्हणून ईसीजी काढला, तोही ठीक. ईईजी नॉर्मल आला, आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. इथे मला त्यांना थांबवावं लागलं. ईईजी म्हणजे मेंदूचा अर्ध्या-पाऊण तासाचा आलेख. त्या वेळात काही घडलं नाही तर तो स्वच्छच दिसतो. फिट येणाऱ्या निदान निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. आदल्या रात्री जागवून, मग झोपेत काढलेल्या ईईजीत सापडण्याची शक्यता वाढते. नॉर्मल ईईजी हातात आला म्हणून उपचार सोडून दिलेले रुग्ण मराठवाड्यात मला सतत भेटतात, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितो आहे.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला, पुढच्या भागात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका निघाला: चुना साचलेली जुनी गाठ. मेंदूरोगतज्ज्ञांनी एमआरआय पाहून निदान पक्कं केलं. डुकरातल्या फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेली, कधीच मरून गेलेली गाठ. भारतात फिट येण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक.

हे ऐकून त्याची आई खरोखर दुखावली. "आमच्या घरात अंडंबी शिजत न्हाई, साहेब." माळकरी घर, आणि डॉक्टर डुकराचं नाव काढतो आहे. म्हणून हे सावकाश समजावावं लागलं. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात जंत होतो. मेंदूतली गाठ होते ती त्या जंताच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ज्याच्या पोटात जंत आहे अशा माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावरची घाण, तिथून ओहोळाचं पाणी, त्यात धुतलेली कोथिंबीर, मेथी, मुळा, किंवा न धुतलेले हात. जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही हे होतं. माळेला यात काही बाध नाही. गाठ चुना होऊन गेलेली असल्यामुळे जंताच्या औषधाची आता गरज नाही. राहिला आहे तो तिच्या भोवतीच्या मेंदूचा चिडका स्वभाव. त्यासाठी फिटचं औषध. आणि हे आईबापाकडून आलेलं नाही, मुलांकडेही जाणार नाही. या शेवटच्या वाक्यावर बायको पहिल्यांदा नीट खुर्चीवर बसली.

चिडचिड कुणाची?

मेंदूरोगतज्ज्ञांनी लेव्हेटिरॅसिटाम ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. महिन्याला तीन-चारवरून फिट एकावर आल्या. पण तिसऱ्या आठवड्यात घरात वेगळंच सुरू झालं. भाकरी जरा करपली म्हणून त्याने ताट भिरकावलं. मुलाला कारण नसताना मारलं, आणि मग स्वतःच बाहेर जाऊन रडला. भावाचं म्हणणं, कर्जाचं टेन्शन आहे, सोयाबीनला भाव नाही, बहिणीचं लग्न डोक्यावर आहे, माणूस चिडणारच. सगळं खरं होतं. पण कर्ज मागच्या वर्षीही होतं, भाव मागच्या वर्षीही पडला होता, आणि हा माणूस तेव्हा कुणावर हात उगारत नव्हता. बदललं होतं ते एवढंच की नवी गोळी सुरू झाली होती.

काही रुग्णांमध्ये हे औषध चिडचिड, उदासी, टोकाचे विचार आणतं. औषध उत्तम आहे, अनेकांना काहीही त्रास होत नाही. पण सुरू करताना घरच्यांना ही शक्यता सांगितली पाहिजे, कारण रुग्ण स्वतः ती सांगत नाही. त्याला वाटतं आपलाच स्वभाव बिघडला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या रागाला आणि रडण्याला "टेन्शन" हे एकच नाव इतकं तयार असतं की त्यामागे गोळी असेल हे कुणाच्या मनात येत नाही.

मी त्याला एकट्याला बसवून सरळ विचारलं, जगणं नको असं वाटतं का? विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. न विचारल्याने माणूस एकटा राहतो. तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, रात्रीच असं झोपेत एकदाचं संपलं तर बरं, असं दोन-तीनदा मनात आलं. ठरवून काही केलेलं नव्हतं. त्याच दिवशी तज्ज्ञांशी बोलून औषध बदलायचं ठरलं. लेव्हेटिरॅसिटाम टप्प्याटप्प्याने कमी करत ऑक्सकार्बाझेपिन वाढवलं, दिवसभराच्या मात्रेतला मोठा वाटा रात्री, कारण फिटची वेळच रात्रीची. हे औषध रक्तातलं सोडियम उतरवू शकतं, म्हणून रक्ततपासणी ठरलेली. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी यायचं, हेही सांगितलं. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, ठेवलेली फवारणीची औषधं भावाने कुलपात नेली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये घातला. ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पाच आठवड्यांत ताट भिरकावणं थांबलं. कर्ज तेवढंच होतं.

कालनिर्णयवरच्या खुणा

नव्या औषधावरही महिन्याला एखादी फिट उरली. तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत खुणा करायला सांगितल्या: फिट आली त्या दिवशी फुली, गोळी चुकली तर गोल, आणि रात्री किती तास झोप झाली तो आकडा. सातवीतल्या मुलाने हे काम मनापासून घेतलं. त्याने न सांगता आणखी एक खूण सुरू केली: रात्रीची लाईट असेल त्या तारखेखाली "ल".

पुढच्या भेटीत पानं उलटली आणि प्रकरण तिथेच उलगडलं. जवळजवळ प्रत्येक फुली "ल"च्या आठवड्यात होती. तीही दारं धरलं, म्हणजे पिकाला पाणी दिलं, त्या रात्री नाही. रात्रभर पाणी देऊन पहाटे तो आखाड्यावरच अंग टाकायचा, त्या पहाटेच्या झोपेत, किंवा दुसऱ्या रात्री लवकर गाढ झोप लागायची त्यात.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. शेतीपंपाला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि वेळापत्रक आलटून-पालटून असतं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ऐन थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत, बॅटरी आणि फावडं घेऊन माणूस सऱ्यांत उभा. लाईट मध्ये जाते, पुन्हा येते, ऑटो स्विच मोटर चालू करतो, पाणी भलत्या वाफ्यात शिरतं, म्हणून डोळा लावता येत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली ती दिवसा वीज मिळावी म्हणूनच. या गावाच्या फीडरवर ती अजून आलेली नाही.

झोप मोडणं फिटला का बोलावतं, हे त्याला मी असं सांगितलं. झोपेच्या सुरुवातीच्या आणि गाढ टप्प्यांत मेंदूच्या पेशी एका लयीत चालतात. एखाद्या चिडक्या ठिकाणाहून ठिणगी उठली तर त्या लयीवर स्वार होऊन ती पसरते. स्वप्नांच्या टप्प्यात ती लय नसते, त्यामुळे तेव्हा फिट क्वचित. जागरणाने हा चिडकेपणा वाढतो, आणि जागरणानंतरची झोप सरळ त्या लयीतच खोल जाते. ताणाने फिट येते असं रुग्ण जगभर सांगतात आणि ते खोटं नाही. पण या माणसाच्या बाबतीत माझं ठाम मत असं झालं की ताण थेट मेंदूवर फारसा येत नव्हता. तो झोपेतून येत होता. कर्जाचा विचार झोप खात होता, लाईट झोप खात होती, आणि सगळ्यांत जास्त झोप खात होती ती फिटचीच भीती. "डोळा लागला की येतंय, मंग लावावाच कशाला?" असं तो म्हणाला. झोपायची भीती, म्हणून जागरण, म्हणून फिट, म्हणून आणखी भीती.

त्यामुळे त्याला "टेन्शन घेऊ नका" असं एकदाही सांगितलं नाही. त्या वाक्याने कुणाचंही टेन्शन गेलेलं मी पाहिलेलं नाही. आधी रात्र दुरुस्त करायची ठरवली.

थोरल्या भावाला बोलावून घेतलं. दोघांत बांधावरून जुनी कुरबुर होती, त्यामुळे हे बोलणं सोपं गेलं नाही. आई मध्ये पडली म्हणून झालं. ठरलं ते सावडीचं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम: रात्रीच्या पाळीत दोघांच्याही रानाला पाणी भाऊ देईल, बदल्यात हा दिवसा भावाच्या रानात खुरपणी आणि बाकी कामं करील, फवारणी सोडून. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावला, त्यामुळे रात्रभर दारं धरायची गरजच कमी झाली. संध्याकाळी पाइप बदलून घरी यायचं. गव्हाचा तुकडा पुढच्या वर्षापासून बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला द्यायचा. या तीन निर्णयांना मी औषधाइतकंच महत्त्व देतो. झोपायची वेळ रात्री दहा, उठायची साडेपाच, सणावारालाही. संध्याकाळनंतर चहा बंद.

भीतीसाठी दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी सहा वाजता वीस मिनिटं वहीत सगळ्या चिंता लिहायच्या: कुणाचं किती देणं, कोणता हप्ता, कुणाला फोन. रात्री अंथरुणात तो विचार आला तर मनाशी म्हणायचं, वहीत आहे, उद्या सहाला. आणि झोपण्याआधी दहा मिनिटं अंग सैल करण्याचा सराव, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सोडायचा, उजवा खांदा सोडून. याबाबत खोटी आशा लावू नये म्हणून सांगतो: २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असा सराव करणाऱ्यांच्या फिट कमी झाल्या, पण नुसतं रोज लक्ष एकाग्र करण्याचं साधं काम दिलेल्या दुसऱ्या गटातही जवळजवळ तेवढ्याच कमी झाल्या, ताण मात्र सराव करणाऱ्यांचा अधिक उतरला. म्हणून तो गोळीच्या जागी चालणार नाही, गोळीच्या जोडीला चालेल. याला मात्र त्याचा उपयोग झाला. कदाचित हरिपाठ रोज म्हणणाऱ्याला दहा मिनिटं एका ठिकाणी बसायची सवय असते म्हणून.

जी झोपत नव्हती ती

बायकोकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मार्चमधल्या भेटीत तिचं ब्लडप्रेशर मोजलं तर वाढलेलं. विचारलं तेव्हा कळलं की गेले कित्येक महिने ती पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधून झोपत होती, झटका आला तर आपल्याला ओढ बसावी म्हणून. दर तासाला उठून त्याचा श्वास बघायची. दिवसा रान, चूल, जनावरं. स्वतःचं डोकं दुखतं हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

तिची भीती निराधार आहे असं म्हणणं खोटेपणा झाला असता. फिट येणाऱ्या प्रौढांत वर्षाला साधारण १००० पैकी एकाचा अचानक, बहुतेकदा झोपेत, मृत्यू होतो. सगळं शरीर झटकणाऱ्या फिट ज्यांना येत राहतात, त्या रात्री येतात आणि माणूस खोलीत एकटा झोपतो, त्यांना हा धोका जास्त. हे मी दोघांना एकत्र बसवून सांगितलं. ऐकताना दोघं घाबरले, पण सगळ्यांत मोठा बचाव आपल्या हातात आहे हेही त्यातूनच कळलं: गोळी न चुकवणं, झोप न मोडणं आणि एकटं न झोपणं. आखाड्यावर एकट्याने राखण करणं त्या दिवसापासून बंद झालं.

मग तिच्या झोपेची सोय. आठवड्यातल्या तीन रात्री आई त्या खोलीत झोपते आणि ही मुलांजवळ. आईला आधी सगळं शिकवलं, तिच्याकडून करवून घेतलं: कुशीवर वळवायचं, मानेभोवतीचं सैल करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तसं धरल्यानेही खांदे निखळतात. कांदा, चप्पल हुंगवायची नाही, किल्ली हातात द्यायची नाही. फिट आपली आपण थांबते आणि श्रेय किल्लीला जातं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर तज्ज्ञांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा फवारा नाकात आणि १०८ ला फोन. फवारा देवळीत, सगळ्यांना दिसेल असा. हालचाल ओळखणारी घड्याळं, गादीखालची यंत्रं बाजारात आहेत. महाग आहेत, सगळ्या फिट पकडत नाहीत. मी ती त्यांना घ्यायला सांगितली नाही.

घरातल्या बाकीच्या जागा पाहिल्या तेव्हा सर्वांत धोक्याची निघाली ती गच्ची. उन्हाळ्यात मराठवाड्यात अर्धं गाव गच्चीवर झोपतं, आणि यांच्या गच्चीला कठडा नव्हता. या वर्षी अंगणात झोपायचं ठरलं, बाजेवर न झोपता खाली अंथरूण घालून. विहिरीत उतरणं, पोहणं, कडबा कुट्टी चालवणं बंद. मोटरसायकलवरून वाद झाला. फिट फक्त रात्री येते, मग दिवसा गाडी का नको? कारण झोपेतल्या फिट असलेल्यांपैकी काहींना पुढे जागेपणीही येतात, विशेषतः गोळी चुकली तर. आणि वाहन परवान्याच्या अर्जातल्या स्वतःच्या घोषणेत फिटबद्दल थेट प्रश्न आहे. तो परभणीला आता बसने येतो. गावात मात्र अजून कधीकधी गाडी काढतो, असं बायकोने सांगितलं.

गावातल्या दोन गोष्टी औषधाच्या आड येत होत्या. एकादशीला तो गोळीही खात नसे. पाण्याबरोबर घेतलेली गोळी उपवास मोडत नाही, हे माझ्यापेक्षा त्यांच्या फडातल्या एका वृद्ध महाराजांनी सांगितलं ते पटलं. दुसरी अखंड हरिनाम सप्ताहातली. वीणेचा रात्री दोन ते चारचा पहारा कित्येक वर्षं त्याचा होता. तो सोडणं त्याला कर्जापेक्षा जड वाटत होतं. पहारे वाटणाऱ्या मंडळींना त्याने स्वतः जाऊन कारण सांगितलं. गावात आपल्या तोंडाने "मला फिट येते" असं तो पहिल्यांदा तिथे म्हणाला. त्याला दुपारी दोन ते चारचा पहारा मिळाला.

बहिणीचं लग्न मात्र अवघड गेलं. आईला वाटत होतं, ही बातमी फुटली तर पोरीला कोण करून घेईल. कारण कळलेलं होतं, ते आनुवंशिक नाही हे लिहून दिलेलं होतं, तरी भीती जाईना. इथे एक कायद्याची गोष्ट सांगणं उपयोगी पडलं: हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणारी फिट ही लग्नाच्या आड येणारी बाब होती, १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली. ज्याला फिट येते त्याच्या स्वतःच्या लग्नालाही आता कायद्याची आडकाठी नाही, मग बहिणीच्या लग्नाला कुठली? भावाने ठरवलं की पाहुण्यांना आधीच सांगायचं. पहिल्या स्थळाने नंतर कळवतो म्हणून कळवलंच नाही. दुसऱ्याने तपासण्यांचे कागद मागितले, ते दाखवले. मेमध्ये लग्न झालं.

आणि लग्नाच्या तिसऱ्या रात्री फिट आली. हळद, वरात, पाठवणी, पाहुण्यांची ऊठबस, सलग जागरण, आणि एका रात्री गोळीचं पाकीट दुसऱ्याच पिशवीत गेलेलं. आईने कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं, दीड मिनिटात थांबली. जीभ चावली होती, खांदा शाबूत होता. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एक, तापात. बाकी कालनिर्णयचे चौकोन कोरे आहेत.

सलग दोन वर्षं फिट आली नाही तर औषध कमी करण्याचा विचार तज्ज्ञांशी बोलून करता येतो. पण मेंदूत गाठीचा डाग असलेल्यांत औषध थांबवल्यावर फिट परत येण्याचा धोका जास्त, त्यामुळे तो विचारही सावकाशच होईल. त्याला हे माहीत आहे. सोडियम मागच्या वेळी किंचित खाली होतं, पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचं आहे. बायकोचं ब्लडप्रेशर गोळीशिवाय उतरलं. भावाने या रब्बीत रात्रीचं पाणी देण्याच्या बदल्यात हरभऱ्यातला वाटा मागितला आहे, त्यावर घरात बोलणी चालू आहेत. ती तुटली तर रात्रीच्या पाळीला मजूर लावायचा आणि त्याचे पैसे कुठून आणायचे, याचा हिशोब त्याने वहीत मांडून मला दाखवला.